मागे का वळलीस?

९ एप्रिल

प्रिय आत्या,

हे पत्र आधी तू एकटीने वाच, मग बाबांना वाचून दाखव. तू फोन घेत नाहीस हे एका परीने बरंच झालं. मला बोलता आलं नसतं.

बुधवारी सकाळी आमच्या तलावावर टोपीवाले आजोबा वारले. त्यांच्याबद्दल मी तुला लिहिलं होतं. लाल रबरी टोपी घालून रोज पहिलं तिकीट घेणारे, आणि घेताना न चुकता विचारणारे, "काय मुली, आज पाणी ओलं आहे ना?"

घटना पुढीलप्रमाणे घडली. मी तिकीटखिडकीत बसले होते. मी मागे वळून पाहिले तेव्हा जीवरक्षकाची खुर्ची रिकामी होती व खोल पाण्यावर आजोबांची टोपी तरंगत होती. मी ओरडले. मी खोलीबाहेर पडून वळसा घालून काठावर पोचले. तोवर आजोबांना पाण्याबाहेर काढण्यात आले होते. त्यानंतर जीवरक्षक धावत आला. त्याच्या हातात श्वास देण्याची पिशवी होती. तिचा उपयोग झाला नाही.

हे असंच्या असं मी त्या दिवशी दुपारी व्यवस्थापक साहेबांच्या खोलीत लिहून दिलं आणि खाली सही केली. त्यात एकही शब्द खोटा नाही, मी चार वेळा तपासलं. पण त्या कागदावरून सगळे आता म्हणताहेत की जीवरक्षक खुर्ची सोडून कुठेतरी गेला होता आणि सगळं संपल्यावर उगवला. जीवरक्षक म्हणजे आमचा बगळा. उंच, बारीक, तासन्‌तास एका जागी न हलता पाण्याकडे बघत बसतो म्हणून बगळा. त्याची नोकरी तर जाईलच, वर निष्काळजीपणाचा गुन्हाही लागेल असं म्हणतात. पंचवीस तारखेला चौकशी आहे. त्याआधी मला सविस्तर निवेदन लिहायचं आहे.

आणि इथेच गाडी अडली आहे. मी लिहायला बसते, तीन वाक्यं सरळ जातात आणि चौथ्याला हात घसरतो: "खुर्ची रिकामी आहे." आहे! मी खोडते. पुढे जाते. "टोपी हळूहळू फिरतेय." पुन्हा खोडते. बाबांनी मला शाळेत घालण्याआधी चौथीपर्यंत घरी शिकवलं, ते कपाटाला पाठ लावून दिवस सांगणं तुला आठवत असेल. "मग मी जाते, मग ती म्हणते" असं तोंडातून निघालं की बाबा हात वर करायचे. "येते-जाते कोण? आली-गेली म्हण! झालं ते झालं म्हणून सांगावं. वर्तमानात सांगतो तो रंगवतो." आणि मी पहिल्यापासून सुरुवात करायची.

मी रंगवतेय का, आत्या? निवेदन शपथेवर आहे. कुठल्या काळात लिहू?

तुझी,
तू म्हणतेस ती शंकासुरी


१३ एप्रिल

आमच्या शंकासुरीस,

तुझं पत्र वाचून मला धडकी भरली. बातमीने भरली ती वेगळी, पण तुझ्या त्या नीटनेटक्या मधल्या परिच्छेदाने जास्त. पोरी, डोळ्यांसमोर माणूस गेला आणि तू "पुढीलप्रमाणे" लिहितेस? तू नीट जेवतेस ना? रडलीस का एकदा तरी?

तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. ते मग म्हणाले, "लिहिलंय मात्र चोख." मी म्हटलं, "चोखच आहे. तुझ्या सभेचं इतिवृत्त शोभेल. 'आजोबांना बाहेर काढण्यात आले.' पुढे फक्त 'असे सर्वानुमते ठरले' राहिलं." माझा भाऊ आयुष्यभर सभांची इतिवृत्तं लिहीत आला. घरात भाजी कुठली करायची हेही तो "ठरले" म्हणून सांगतो. त्याच्या धंद्याला भूतकाळच योग्य, कारण सभा संपल्याशिवाय त्याचं काम सुरूच होत नसे.

माझं काम उलट होतं. रुग्णवाहिकेच्या फोनवर इतकी वर्षं काढली (म्हणून तर आता फोन कानाला लावत नाही, लावला की पलीकडे कोणीतरी मरतंय असं वाटतं). लोक फोन करून गोष्ट सांगायचे. "बाई, ते पडले, त्यांनी गोळी घेतली नव्हती, त्यांना सकाळपासून बरं वाटत नव्हतं." त्या गोष्टीत शेजारणीचं मत असायचं, सुनेचा राग असायचा, स्वतःची भीती असायची. सगळं एकाच सुईने शिवलेलं. मी म्हणायची, "थांबा. ते राहू द्या. आत्ता काय दिसतंय? त्यांचा हात कुठे आहे? ओठ कुठल्या रंगाचे आहेत?" मग पलीकडचा माणूस एकदम गप्प व्हायचा आणि मग बघायचा. पडून तास झाला असला तरी मी तेच विचारायची: "ते पडताहेत. तुम्ही कुठे आहात? हातात काय आहे?" आणि निम्म्या वेळा सुनेने सांगितलेली गोष्ट आणि दिसणारी गोष्ट यांचा मेळ नसायचा.

तेव्हा निवेदनाचं नंतर बघू. आधी मला सांग. तू मागे का वळलीस? तुझी खिडकी रस्त्याकडे, तुझं तोंड रस्त्याकडे, तलाव तुझ्या पाठीमागे. तूच मला खोलीचा नकाशा काढून पाठवला होतास. अजून कोणी ओरडलं नव्हतं, कारण पहिली तू ओरडलीस. मग बसल्या बसल्या मान का फिरली?

आणि "काढण्यात आले" म्हणजे कोणी काढलं गं?

खुर्चीवर बस, डोळे मीट आणि घडू दे. तुझ्या बाबांच्या कपाटाला मी सांभाळते.

तुझी आत्या


१७ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बगळ्याची आई खिडकीशी आली. मला वाटलं, आता ही मला शिव्या देणार, आणि मी त्या घ्यायच्या असं ठरवूनही टाकलं. तर ती म्हणाली, "तिकीटताई, माझ्या पोराला सांगा ना काहीतरी. अन्नाचा कण घेत नाही. भिंतीकडे बघून बसतो." मी विचारलं, तो काय म्हणतो? तर म्हणाली, "म्हणतो, आई, मी उशिरा पोचलो म्हणे. मी खुर्चीवर नव्हतो म्हणे."

म्हणे! आत्या, स्वतः कुठे होतो हे कोणी "म्हणे" लावून सांगतं का?

मी तिकीट फाडलं आणि मग लक्षात आलं की तिने तिकीट मागितलंच नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खिडकीत बसले आणि तू सांगितलंस तसं केलं. जसं आलं तसं खाली लिहितेय. बाबांना सांग, हवं तर कानात कापूस घालून ऐका.

मी रस्त्याकडे तोंड करून बसलेय. आजोबांचं तिकीट फाडून झालंय. दुसरं गिऱ्हाईक नाही. मी तिकिटांच्या पट्ट्या हातात घेऊन सरळ करतेय, त्यांची टोकं वळतात ती मला आवडत नाहीत. मागची, तलावाकडची झडप उघडी आहे, कारण खोलीत उकडतं. पाण्याचा आवाज येतोय, आजोबांचा, चप-चप, सावकाश. मग येत नाही. मला ते जाणवत नाही, नंतर जाणवेल. मी पट्टी सरळ करतेय. आणि मानेवर गार पाणी पडतं. मानेवर, हातावर, पट्ट्यांवर. खूप. कोणीतरी बादलीतून ओंजळ मारावी तसं. मला राग येतो. मी "काय हे!" म्हणत मागे वळते.

आत्या, मी रागाने वळले होते. मला वाटलं, कोणीतरी मस्करी करतंय.

खुर्ची रिकामी आहे. तिच्या दांड्याला शिट्टी अडकवलेली आहे आणि शिट्टीची दोरी हलतेय. टोपी फिरतेय. पाणी सगळं ढवळलेलं आहे.

मी ओरडते. आणि मग पळायचं सोडून मी ओल्या पट्ट्या गल्ल्याच्या खणात टाकते, खण बंद करते, किल्ली फिरवते. किल्ली हातातून निसटते, कारण हात ओला आहे. पुन्हा फिरवते. मग धावते. ही किल्ली मी तुला पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. लाज वाटली. माणूस बुडतोय आणि मी खण बंद करतेय, कारण नियम आहे की खोली सोडताना खण बंद.

वळसा घालून पोचते. साहेब आजोबांचे पाय ओढून वर घेताहेत. आजोबांची छाती आधीच पायऱ्यांवर आहे. ती तिथे कशी आली ते मला माहीत नाही, "काढण्यात आले" याखाली मी ते लपवलं होतं. आणि पलीकडून बगळा पिशवी घेऊन धावत येतोय. त्याचे केस ओले आहेत का? मी कितीदा बघितलं. मला दिसत नाहीत. मी पिशवीकडे बघतेय.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सगळं संपल्यावर त्याने पाण्यात उडी मारली आणि तरंगणारी टोपी काढून आजोबांच्या छातीवर ठेवली. व्यवस्थापक साहेब सगळ्यांना तेच सांगतात: "उडी मारली ना पठ्ठ्याने. पण कशासाठी? टोपीसाठी."

आत्या, माझ्या झडपेजवळ त्या खुर्चीखेरीज उंच काही नाही. एवढं पाणी झडपेतून आत यायला माणूस त्या खुर्चीवरूनच पडायला हवा. खुर्ची रिकामी होती कारण त्याने तेव्हाच, त्याच क्षणी उडी मारली होती. आणि मी लिहून दिलं: खुर्ची रिकामी होती.

एकही शब्द खोटा नाही म्हणाले होते ना मी? इतकी वर्षं बाबांनी मला खरं सांगायला शिकवलं आणि मी खऱ्या खऱ्या वाक्यांनी एका माणसाला बुडवलं.


२० एप्रिल

बाळा,

मी तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग बसले. आधी एवढंच: किल्लीचं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या फोनवर लोक नवरा जमिनीवर पडलेला असताना गॅस बंद करून यायचे, ओटा पुसायचे. हात आपला रोजचा धंदा करतात, डोकं मागून येतं.

पण तुझे बाबा ऐकेनात. दोन दिवस घरात नुसती जुंपली आहे. ते म्हणतात, डोळे मिटून बसलं की मन रिकाम्या जागा भरतं, दोरी हलवायला काय लागतं? मी म्हटलं, आणि तुझ्या भूतकाळात रिकाम्या जागा नसतात होय? त्या तर तू "ठरले" लिहून बुजवतोस. ते म्हणाले, निदान नीट बुजवतो. मग कागद मागितला. ते पत्र लिहीत नाहीत हे तुला ठाऊक आहे, तेव्हा खालचा मजकूर जपून ठेव.

*चि. मुलीस,*
*तुझे पत्र तीनदा ऐकले. दोरीविषयी मला शंका आहे. दोरी तुझ्या मनाने हलवली असेल. परंतु केस ओले होते का, या ठिकाणी तू "दिसत नाहीत" असे लिहिलेस. ज्याला रंगवायचे असते तो तिथे केस ओले करून मोकळा झाला असता. जिथे दिसत नाही तिथे दिसत नाही असे सांगणाऱ्याचे बाकीचे मी ऐकून घेतो. आता विचार एवढाच कर: मनाने हलवता येणार नाही असे या हकिगतीत काही आहे काय?*
*बाबा*

बघ, माझ्या भावाने "ठरले" न लिहिता पत्र संपवलं. हा दिवस मी विसरणार नाही.

मी मात्र तुला त्याच्याआधीच विचारणार होते. त्या ओल्या पट्ट्यांचं काय झालं?

आत्या


२२ एप्रिल

आत्या, बाबा,

पट्ट्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी खण उघडला तेव्हा त्यांचा एकमेकींना चिकटून गठ्ठा झाला होता. तिकीट भिजलं तर ते फेकत नाहीत, चिमटा लावून तारेवर वाळवतात आणि मग विकतात. तशा त्या माझ्या डोक्यावर तेव्हापासून लटकताहेत. शाई पसरलेली, कडा फुगलेल्या. मला वाटलं होतं, माझ्याच हातांच्या घामाने झालं असेल. रोज त्यांच्याखाली बसून मी विचार करत होते की माझ्याकडे काय पुरावा आहे!

मी त्या घेऊन साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. ते हसले. वाईट हसले नाहीत, दमल्यासारखे हसले.

"तिकीटताई, तलावावर ओलं काय नसतं?"

मला एकदम आजोबांचं "पाणी ओलं आहे ना" आठवलं.

मग म्हणाले, "तो टोपीसाठी उडी मारायला गेला तेव्हा भिजल्या असतील." मी म्हटलं, तेव्हा त्या खणात होत्या, खणाला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला होती. ते मग म्हणाले, "हे बघा, आजोबा धडपडत स्वतःच पायऱ्यांपर्यंत आले असणार, आणि याला मी स्वतः धावत येताना पाहिलंय. या डोळ्यांनी. तुम्हीही पाहिलंय, तुमची सही आहे. आता तुम्ही सही बदलणार. लोक काय म्हणतील? ज्या बाईने आज एक लिहिलं आणि उद्या दुसरं, तिचं कुठलं खरं धरायचं? तुमचं नाव जाईल आणि त्याचंही भलं होणार नाही."

ते खोटं बोलत नाहीत, आत्या. हेच मला भयंकर वाटतं. त्यांनी खरंच पाहिलं आहे. मीही पाहिलं आहे. तो धावत आलाच होता.

आणि बगळा काही बोलत नाही. मी त्याच्या घरी गेले होते. म्हटलं, तुम्ही खुर्चीवरून उडी मारली होती. तो मग म्हणाला, "टोपीसाठी मारली. तेवढी आठवते. उगाच माझ्यासाठी काही जोडू नका, ताई. तुमचा स्वभाव नाही तो."

ज्याची उडी, तोच नाही म्हणतोय. मी चौकशीत काय तोंड घेऊन उभी राहू? जुनाच कागद वाचून दाखवावा आणि गप्प बसावं असं परवापासून वाटतंय. बाबा, तो कागद चोख आहे, तुम्हीच म्हणालात.


२३ एप्रिल

(हे पत्र शेजारच्या मुलीच्या हाती पाठवते आहे, ती उद्या तुझ्याच गावाला येते आहे.)

शंकासुरी,

वेळ नाही म्हणून थोडक्यात. बगळ्याने नाही म्हटलं तर धक्का बसू देऊ नकोस. माझ्या फोनवरच्या माणसांना दुसऱ्या दिवशी विचारलं तर निम्म्यांना आपण फोन केला हेही आठवायचं नाही. मन त्या जागी भोक पाडून ठेवतं. मग पहिला येईल तो त्या भोकाला ठिगळ लावून जातो. तुझ्या साहेबांनी लावलं.

त्याच्यासाठी काही जोडू नकोस. तुला जे दिसलं तेवढं सांग, आणि जिथे दिसत नाही तिथे थांब. तुझे बाबा म्हणतात, हवं तर कपाटाला पाठ लावून उभी राहा.

ते हेही म्हणतात की तो कागद चोख आहे असं म्हणणारा माणूस गाढव होता. लिहून घ्यायला सांगितलंय.

आत्या


२६ एप्रिल

प्रिय आत्या, प्रिय बाबा,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

चौकशी तलावाच्याच कार्यालयात होती. लांब टेबल, समोर चौकशीच्या बाई, चष्मा कपाळावर. बाजूला साहेब. भिंतीशी बगळा, आईच्या शेजारी, हात मांड्यांमध्ये धरून. तिथे कपाट होतं, लोखंडी. मी त्याला पाठ लावली.

बाईंनी माझा जुना कागद वाचला आणि विचारलं, "यात काही बदल?"

मी म्हटलं, "शब्द खरे आहेत, पण त्यावरून निघतं ते खरं नाही."

साहेब म्हणाले, "हे काय बोलणं झालं?"

मी सांगायला लागले, बाबांच्या पद्धतीने, "मी बसले होते, मी वळले", आणि अडखळले. तीच वाक्यं, गुळगुळीत झालेली. त्यांच्याखाली काही दिसेना. मग मी बाईंना म्हटलं, "मी जसं दिसतंय तसं सांगितलं तर चालेल का? चूक वाटलं तर थांबवा." त्या म्हणाल्या, "सांगा तर."

मग मी सांगितलं. बसलेय, पट्ट्या सरळ करतेय, मानेवर पाणी. शिट्टीची दोरी सांगितली आणि म्हटलं, दोरीवर भरवसा ठेवू नका, ती मला नंतर आठवली आहे. पण या पट्ट्या बघा. खण, कुलूप, किल्ली, सगळं सांगितलं. बाईंनी पट्ट्या उलट्यासुलट्या करून बघितल्या.

साहेब म्हणाले, "बाई, हे नाटक झालं. 'पाणी पडतं, मी वळते.' साक्ष आहे की गोष्ट आहे?"

मी पुढे गेले. "बगळा पिशवी घेऊन धावत येतोय."

"आलं ना तोंडातून!" साहेब म्हणाले. "धावत येतोय. म्हणजे नव्हता."

बाईंनी मला विचारलं, "तेव्हा त्याचे कपडे, केस, ओले की कोरडे?"

आत्या, सगळी खोली माझ्याकडे बघत होती. बगळ्याची आई तर मान हलवत होती, बोल बाई, ओले म्हण. ओले म्हणणं किती सोपं होतं.

मी म्हटलं, "मला दिसत नाही. मी पिशवीकडे बघतेय."

आईने डोळे मिटले. साहेबांनी हात पसरले, झालं तर मग, असे.

आणि मग मला कुठून धीर आला कळत नाही. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "साहेब, तुम्ही तर त्याच्याकडेच बघताय. तुम्ही आजोबांचे पाय ओढताय. तो समोरून येतोय. तुम्हाला काय दिसतंय?"

"मला काय विचारता?"

बाई म्हणाल्या, "उत्तर द्या."

साहेब चिडून म्हणाले, "दिसायचंय काय? मी वाकलोय. आजोबांचा पाय जड, हातातून सटकतोय. मी वर बघतो तर हा शहाणा येतोय. मी म्हणतो, कुठे होतास रे? हा काही बोलत नाही. खाली बसतो, तोंडावर पिशवी लावतो. माझ्या हातावर पाणी टपटपतंय त्याच्या केसां..."

आणि थांबले.

साहेब आपल्या मनगटाकडे बघत होते. ते जिथे टपटपलं होतं तिथे. त्यांचा चेहरा असा झाला, आत्या, की मला त्यांचीच दया आली. मग अगदी हळू म्हणाले, "टोपीची उडी तर नंतरची."

"म्हणजे हा आधीच पाण्यात जाऊन आला होता," बाई म्हणाल्या. "यानेच त्यांना पायऱ्यांपर्यंत आणलं आणि पिशवी आणायला धावला."

आणि तेव्हा भिंतीशी बसलेल्या बगळ्याने विचारलं, "मग... मी गेलो होतो?"

बाईंना ते आधी कळलंच नाही. त्यांनी विचारलं, "काय म्हणालात?"

"मी वेळेवर गेलो होतो? मला कोणी सांगितलं नाही." त्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी घेतलं होतं त्यांना हातात?"

मी तुम्हाला सांगू शकत नाही त्याने ते कसं विचारलं. इतके दिवस तो माणूस आपण न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा एकटा भोगत होता, आणि आम्ही सगळे शहाणे, खरं बोलणारे, त्याला ती मोजून देत होतो.

बाईंनी त्याच्यावरचा ठपका काढून टाकला. डॉक्टरांचा कागद तिथेच होता, तो कोणी नीट वाचला नव्हता: आजोबांचं हृदय पाण्यातच बंद पडलं होतं. कोणीही कितीही लवकर गेलं असतं तरी.

तुमची मुलगी


३० एप्रिल

लाडक्या शंकासुरीस,

तुझं पत्र वाचून दाखवताना मी मध्येच थांबले तर माझ्या भावाने माझ्या हातातून कागद घेतला आणि स्वतः मोठ्याने वाचला. "मला दिसत नाही" या ओळीशी तो उठून खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "झालेलं झालं म्हणूनच सांगावं, हे मी अजून म्हणतो." मी म्हटलं, "म्हण. हट्टी तो हट्टीच." तर म्हणाला, "पण झालं असं म्हणण्याआधी ते एकदा होऊ द्यायला हवं, हे मी पोरीला शिकवलं नाही."

मी त्याला चहा करून दिला. हे वाक्य मी इतिवृत्तात घेतलं आहे.

आता मला सांग, तो पोरगा कसा आहे? जेवतो का? ठपका काढला म्हणजे भोक भरलं असं नव्हे.

आत्या


९ मे

प्रिय आत्या,

बगळा परत कामावर आला. साहेबांनी स्वतः त्याच्या घरी जाऊन आणलं. दोघं बोलत नाहीत फारसे, पण साहेब रोज सकाळी त्याची खुर्ची स्वतः पुसतात. कोणी बघत नाही असं त्यांना वाटतं.

पण तू म्हणालीस ते खरं. तो खुर्चीवर चढायचा नाही. काठावर उभा राहायचा, पाण्याकडे बघत. काल सकाळी पहिलं तिकीट फाडायच्या आत तो माझ्या झडपेशी आला.

"ताई, तुम्ही चौकशीत सांगितलंत ते परत सांगाल?"

मी म्हटलं, "निकालाची प्रत देऊ का?"

"निकाल वाचला. त्यात 'उडी घेतल्याचे सिद्ध होते' असं आहे. ते मला दुसऱ्याच कोणाचं वाटतं. तुम्ही सांगा."

मग मी सांगायला सुरुवात केली. झडपेच्या अलीकडे मी, पलीकडे तो. "मी रस्त्याकडे तोंड करून बसलेय. तुम्ही माझ्या मागे खुर्चीवर आहात. आजोबा पोहताहेत, चप-चप, सावकाश." तो डोळे मिटून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. "मग आवाज येत नाही. मला कळत नाही."

"मला कळतं," तो म्हणाला.

मी थांबले. पुढचं मला माहीत होतं, गार पाणी, पट्ट्या, राग. पण ते माझ्या मानेवरचं होतं. खुर्चीवरचं मला कधी दिसलं नव्हतं, आणि मी जोडणार नव्हते.

"पुढचं मला दिसत नाही," मी म्हटलं. "मी रस्त्याकडे बघतेय. पुढचं तुम्ही सांगा."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी खिडकीची काच वाजवत होतं, तिकीट हवं होतं. मी वळले नाही.

"टोपी थांबते," तो म्हणाला. "टोपी थांबलीय. मी शिट्टी काढतोय गळ्यातली. ती दांड्याला..." मग त्याने डोळे उघडले, खुर्चीकडे बघितलं, तिच्याखालच्या पाण्याकडे बघितलं.

"मग मी उडी मारली," तो म्हणाला.

आणि जाऊन खुर्चीवर बसला.